साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनची तयारी

अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी वसलेल्या, छत्रपती शाहू महाराजांच्या राजधानीत दरवर्षी होणारी सातारा हिल मॅरेथॉन ही प्रत्यक्षात अर्धमॅरेथॉन, म्हणजे सुमारे 21 किलोमीटरची शर्यत आहे. मात्र शहरातून निघून यवतेश्वरचा घाट चढायचा आणि कासच्या रस्त्यावरून त्याच वाटेने परत उतरायचे असल्यामुळे सपाट रस्त्यावरच्या वेळेची अपेक्षा येथे ठेवू नये.

चढावर घड्याळाकडे नव्हे, श्वासाकडे लक्ष द्यावे. पावले आखूड ठेवावीत, कंबरेतून वाकू नये, आणि धाप लागून बोलणे अशक्य झाले तर निःसंकोच चालावे, कारण चढावर वाचवलेली ताकदच परतीला उपयोगी पडते.

बहुतेकांची फसगत मात्र उतारावर होते. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा भार रोखून धरतात, त्यामुळे त्यांना सूक्ष्म इजा होते आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरणेही नकोसे होते. म्हणून निदान दोन-तीन महिने आधीपासून आठवड्यातून एकदा जवळच्या टेकडीवर चढण्याइतकाच उतरण्याचाही सराव करावा. पुणेकरांना त्यासाठी सिंहगडाचा घाटरस्ता आहेच.

पावसाळ्याच्या उत्तरार्धात घाटात धुके आणि भुरभुर असू शकते, तेव्हा चांगली पकड असलेले, पण आधी वापरून रुळलेले बूट घालावेत. गारव्यात तहान जाणवत नाही, तरीही पाण्याचे थांबे टाळू नयेत.