पृथ्वी ढकलणारा सिनेमा गावाला कसा दाखवावा आणि गावाचं मत कसं काढावं

‘कसा वाटला?’ हा प्रश्न विचारूच नका. आमच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही-नागभीड पट्ट्यात त्याचं उत्तर ठरलेलं आहे: ‘बरा होता जी.’ नाटक पडलं तरी बरा होता, गाजलं तरी बरा होता. विचारणारा समोर उभा असतो, त्याला कशाला दुखवायचं? खरं मत दुसऱ्या दिवशी पानठेल्यावर निघतं आणि तेव्हा विचारणारा तिथं नसतो.

मी धान पिकवतो आणि दिवाळीपासून होळीपर्यंत वडशाच्या झाडीपट्टी नाटक कंपन्यांमध्ये प्रॉम्प्टिंग करतो, म्हणजे नटांना आडून वाक्यं पुरवतो. विंगेत वही घेऊन बसणाऱ्याला प्रेक्षक दिसत नाहीत, फक्त ऐकू येतात. कुठं खोकला वाढला, कुठं लेकरं रडायला लागली, कुठं सारं पेंडॉल चिडीचूप झालं, हे त्याला नटाच्या आधी कळतं. पुतणीला कॉलेजात प्रकल्प मिळाला, ‘विज्ञानपटाबद्दल ग्रामीण प्रेक्षकांचं मत’, आणि ती छापील फॉर्म घेऊन आली: आवडला, थोडा आवडला, नाही आवडला, पुढं चौकोन. मी ते फॉर्म मागच्या बाजूनं हिशेबाला वापरले. मग तिला जे सांगितलं तेच इथं लिहितो. कुणा शिक्षकाला, वाचनालयवाल्याला कामी येईल.

सिनेमा तिनंच निवडला होता, ‘द वॉन्डरिंग अर्थ’. चीनचा, मोठ्या खर्चाचा. 5 फेब्रुवारी 2019 ला, त्यांच्या नववर्षाच्या सणाला तो लागला आणि चीनमध्ये 460 कोटी युआनच्या वर धंदा करून गेला. दिग्दर्शक फ्रांट ग्वो, मूळ कथा लिऊ त्सिशिन यांची, 2000 सालची. सूर्य फुगून पृथ्वीला गिळणार म्हणून माणसं पृथ्वीवरच दहा हजार इंजिनं बसवतात आणि सगळी पृथ्वीच दुसऱ्या ताऱ्याकडं ढकलत नेतात. तारा 4.2 प्रकाशवर्षं लांब, प्रवास 2500 वर्षांचा. वाटेत गुरू ग्रह आपल्या ओढीनं पृथ्वीला खेचतो, इंजिनं बंद पडतात आणि तिथून धावाधाव सुरू. निवड चांगली होती असं माझं मत. एकतर गोष्ट एका ओळीत सांगता येते. दुसरं, आत बाप, मुलगा, आजा, बहीण आहेत. नुसते शास्त्रज्ञ असते तर मी नको म्हटलं असतं. बापाचं काम करणाऱ्या वू जिंग या नटानं पैसे कमी पडले तेव्हा स्वतःचे घातले होते, हे मी आधीच सांगून टाकलं. नाटकाच्या गावात ही गोष्ट लगेच कळते.

आधी कामाचं. असा सिनेमा चौकात पडदा लावून दाखवू नका. इंटरनेटवरच्या घरगुती वर्गणीवर घेतलेला सिनेमा घरात पाहायचा असतो, त्यामुळं पोस्टर नाही, तिकीट नाही, भोंगा नाही. कुणाच्या तरी ओसरीवर, घरच्या टीव्हीवर, नात्यातले आणि शेजारचे. आठ-दहा जण पुष्कळ झाले. जास्त आले की दोघेच बोलतात आणि बाकीचे मान हलवतात.

दिवस निवडताना पंचांगाच्या आधी गावाचं काम पाहा. धान कापून, मळून, केंद्रावर गेलं की जानेवारीत हात मोकळे होतात. त्याच दिवसांत मंडई-शंकरपटाची नाटकंही असतात, म्हणून आजूबाजूच्या गावात नाटक नाही अशी रात्र शोधावी लागते. नाटकापुढं सिनेमा टिकत नाही, चीनचा असो की मुंबईचा. तेंदूपत्त्याच्या दिवसांत तर मुळीच नको, लोक पहाटे जंगलात जातात आणि दिवस बुडताच झोपतात. आणि आमच्याकडं वाघ आहे. सिनेमा दोन तास पाच मिनिटांचा, त्यात थांबणं आलं, म्हणून दिवस मावळायच्या आधी सुरू करा. नऊच्या पुढं कुणी एकटं घरी जाणार नाही, बॅटरी घेऊन टोळीनंच जायचं, हे बसायच्या आधी ठरवा. नाही तर शेवटच्या अर्ध्या तासात प्रत्येकाचं लक्ष दाराकडं.

भाषेचा प्रश्न सगळ्यात मोठा. सिनेमा चिनी, खालची अक्षरं इंग्रजी, आणि ओसरीवर ती वाचणारे दोन. इथं माझा धंदा कामी आला. तुम्हालाही जमेल, फक्त आधी एकदा एकट्यानं पाहा आणि वही करा. सगळं वाचायचं नाही. प्रॉम्प्टरही सगळं वाचत नाही, नट अडतो तिथलंच देतो. वहीत फक्त दोन प्रकारची वाक्यं घ्या: नातं बदलवणारी आणि संकट सांगणारी. ‘हा बाप आहे, सतरा वर्षांपासून वर अंतराळस्थानकात’, ‘हांगझोचं इंजिन गेलं, आता सुलावेसीला जायचं’. इंजिनाच्या आतली चर्चा आली की एक वाक्य पुरे: ‘पेटवायचं सामान घेऊन चालले.’ चिनी नावं तर घेऊच नका. मुलगा, बहीण, आबाजी, बाप. शेवटपर्यंत एकच नाव. बोली आपली ठेवा. मी ‘त्यांनी इंधन समाप्त झाल्याचे कळवले’ असं वाचलं असतं तर माझ्या काकूनं टीव्ही बंद केला असता.

सुरू करायच्या आधी दोन गोष्टी बोलून घ्या. एक चीनबद्दलची. ‘चायना माल’ हा शब्द येणारच, येऊ द्या, हसू द्या, आधीच निघून गेलेला बरा. आमच्याकडं त्याला वेगळी धारही आहे. 2 एप्रिल 2022 ला, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, आकाशातून पेटत्या रेषा गेल्या आणि सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत धातूचं मोठं कडं येऊन पडलं. चीनच्या लाँग मार्च रॉकेटचा तुकडा असावा असं अभ्यासकांनी सांगितलं. ते ज्यांनी पाहिलं त्यांना ‘चीनवाले आभाळात काही तरी करतात’ हे समजावून सांगावं लागत नाही. ओसरीवरचा पहिला प्रश्न तोच होता: ‘तो कडा पडला तेच लोक का जी?’ म्हटलं तेच, पण हे नाटकवाले आहेत.

दुसरी गुरूची. आमच्याकडं गुरू म्हणजे लग्नातलं गुरुबळ. तो आभाळात दिसत असेल तर अंगणात नेऊन बोट दाखवा आणि सांगा, हा ठिपका रुंदीला पृथ्वीच्या अकरा पट, वजनाला तीनशे अठरा पट. एवढं पुरे. मग सिनेमात तो सारं आभाळ व्यापून येतो तेव्हा माणसं आपोआप मागं सरकतात. बाकीचं विज्ञान नंतरच. खरा सूर्य अजून सुमारे 500 कोटी वर्षं चालणार आहे, हे आधी सांगितलंत तर भीतीच निघून जाते आणि भीती गेली की मत कशाचं काढणार?

मध्ये किती वेळा थांबायचं? मी एकदाच थांबतो, आणि ती जागा मध्यंतराची नव्हे. स्थानकावरचा संगणक हिशेब करतो की पृथ्वी वाचत नाही, म्हणून बियाणं आणि गर्भ घेऊन स्थानकानं निघून जावं. तिथं टीव्ही थांबवा आणि विचारा, ‘आता काय करावं?’ सिनेमाबद्दल काहीच विचारू नका. आमच्या ओसरीवर इथंच ठिणगी पडली. एक म्हातारे म्हणाले, संगणक बरोबर आहे, बियाणं वाचलं तर शेती वाचते. त्यांच्या सुनेनं पदर सावरून विचारलं, ‘आनि मानसं मेल्यावर पेरनार कोन?’ पुतणी फॉर्म शोधायला लागली, मी तिला खुणेनं बसवलं. ऐकायचं आणि लक्षात ठेवायचं. कागद दिसला की माणूस शाळेतल्या मराठीत बोलायला लागतो.

सिनेमा संपल्यावर काहीही विचारायचं नाही. चहा द्या, टोळीनं पाठवा. मत दुसऱ्या दिवशी गोळा होतं, आणि एका जागी होत नाही. पुरुषांसाठी पानठेला, सकाळी. बायकांसाठी लाखोरीची बांदी, म्हणजे लाख डाळीचं शेत, किंवा तांदूळ निवडायची जागा. नाटकाला आमच्या बाया पहिल्या रांगेत असतात, पण सासऱ्यासमोर मत देत नाहीत. कामात हात गुंतले की तोंड मोकळं होतं. पुतणीनं त्यांच्या बरोबरीनं लाखोरी उपटली, म्हणून तिला मिळालं.

विचारायचं कसं, तर प्रसंग धरून. ‘बापाने केलं ते बरोबर का?’ हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न. वर जाण्याआधी त्या बापानं आजारी बायकोचे उपचार थांबवायला संमती दिलेली असते, कारण मुलाचा पालक म्हणून भुयारी शहरात सासऱ्याला जागा मिळावी. सिनेमात हे झटकन येऊन जातं, म्हणून वाचताना जरा जोर देऊन वाचा. पुरुषांपैकी बहुतेक म्हणाले, काय करील बिचारा. बायांमध्ये दोन तट पडले. एकीचं म्हणणं, त्या बाईला विचारलं का? दुसरीचं, मी असते तर मीच म्हटलं असतं, लेकराला वाचवा. हे भांडण बांदीवरून विहिरीपर्यंत गेलं. ‘आवडला’ या चौकोनात ते कसं बसवणार? चीनमध्येही 2019 मध्ये याला किती तारे द्यायचे यावरून प्रेक्षकांची जुंपली होती, आणि ताऱ्यांच्या भांडणातून सिनेमाबद्दल काय कळलं ते तारे मोजणाऱ्यांनाच ठाऊक.

दुसरा प्रश्न, ‘कुठं खोटं वाटलं?’ आमच्याकडं खोटं काढण्यात सगळे तरबेज. एकानं विचारलं, एवढ्या इंजिनांना डिझेल कुठून? सांगितलं, सिनेमात ते दगड जाळून चालवतात. लगेच उत्तर, ‘मंग आमच्या बांदीत या म्हना, दगडच हायत.’ दहावीच्या पोरानं बरोबर धरलं की गुरूवर हायड्रोजन आहे, पण ऑक्सिजनशिवाय पेटणार कसा? सिनेमात पृथ्वीची हवा तिकडं खेचली जाते आणि तिच्याशी मिसळून पेटतो, हे सांगितल्यावर त्यानं मान्य केलं. पण तो स्फोट एवढी पृथ्वी ढकलेल हे त्यानं मान्य केलं नाही. मीही आग्रह धरला नाही. जमिनीखालच्या शहरात निम्म्याच लोकांना जागा आणि तीही चिठ्ठ्या टाकून, हे ऐकून सगळे एकदम बोलले. चिठ्ठी खरी कशावरून? घरकुलाची यादी लागली तेव्हा काय झालं ते आठवून झालं. सिनेमातला सगळ्यात खोटा भाग कुठला, तर गावाच्या मते गुरू नाही, ती प्रामाणिक चिठ्ठी.

तिसरा, ‘काय कापलं असतं?’ इथं शहरी समीक्षेत आणि गावात फरक पडतो. रडारड फार आहे, पात्रं पातळ आहेत, अशी तक्रार बाहेर पुष्कळांनी केली. आमच्याकडं रडारडीला कुणी बोट लावलं नाही. ती बहीण रडत रडत रेडिओवरून सांगते, परत या, इंजिन ढकलायला हात पाहिजेत, आणि घराकडं निघालेल्या देशोदेशीच्या तुकड्या गाड्या फिरवतात. ओसरीवर एकही खोकला नाही. तिसऱ्या अंकात नायिकेनं पदर पसरावा तसंच ते. गावानं कापायला सांगितलं ते वेगळंच: गाड्यांची धावपळ. कोण कुणाच्या गाडीत, कोण बर्फात पडला, काही कळत नाही. ट्रॅक्टर चालवणाऱ्या आमच्या शेजाऱ्याला मात्र आबाजींची गाडी आवडली, आणि प्रलय आला तरी गाडीत वाहतुकीचे नियम सांगणारा आवाज चालूच असतो हे फार आवडलं. ती सूचना चीनमध्ये इतकी गाजली की तिथल्या वाहतूक पोलिसांनीही उचलली.

मतं लिहिताना माणसाचं नाव नको, पण तो काय करतो, कुठून आला, ते लिहा. नाही तर मत लंगडं होतं. आमच्या गल्लीतल्या एका आजींचं माहेर गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं. त्यांना बाकी काही आठवत नव्हतं, गुरूही नाही. त्या म्हणाल्या, ‘ते लोक सारी धरती घेऊन गेले. आमी घराचा दरवाजा भी आनू शकलो नाइ जी.’ पुतणीनं याचं ‘प्रेक्षकाला कथानक भावनिक वाटले’ असं केलं होतं. मी खोडून आजींचं वाक्य जसंच्या तसं घालायला लावलं, वर फक्त ‘बुडीत गावातून आलेल्या, वय सत्तरीच्या पुढं’ एवढं. घर सोडून पळायचं नाही, घरच सोबत न्यायचं, ही या सिनेमाची कल्पना चीनमध्ये फार बोलली गेली. जमिनीला धरून राहणारे लोक म्हणून. त्यावर आमच्याकडून एवढंच सांगण्यासारखं होतं आणि ते आजींनी सांगितलं होतं.

पोरांची मतं वेगळ्या पानावर घ्या. ती मोबाइलवर सगळं पाहिलेली असतात, हॉलिवूडशी तुलना करतात, बर्फातलं शांघाय चांगलं म्हणतात आणि मुलगा सारखा ओरडतो म्हणून वैतागतात. खरं आहे, ओरडतो.

आता गाव दुसरा भाग मागतंय. तो जानेवारी 2023 चा, यात चंद्रच पृथ्वीवर कोसळायला येतो, आणि लांबी 173 मिनिटं. रात्रभर नाटक पाहणाऱ्यांना लांबीचं काही नाही, घसा वाचणाऱ्याचा जातो. दोन रात्री करा आणि वाचायला दोघं ठेवा, एक बायकांची वाक्यं वाचायला. आमच्याकडं पुतणीनं हो म्हटलंय. गोष्ट पहिल्या भागाच्या आधीची आहे, हे बसल्या बसल्या सांगून टाका, नाही तर मेलेला बाप जिवंत कसा, याच्यात अर्धी रात्र जाईल.