नव्या कमर्शियल इमारतीचं छत ठरवताय? या चुका टाळा

कोटेशन हातात आलं की नजर थेट चौरस फुटाच्या दरावर जाते आणि पहिली चूक तिथेच होते. छताखाली काय चालणार आणि छतावर काय बसणार, हे आधी कागदावर यायला हवं. किचनचा एक्झॉस्ट छतावर निघणार असेल तर ईपीडीएम या कृत्रिम रबराची मेम्ब्रेन (छतावर अंथरायचा पाणीरोधक थर) घेऊ नका; तेल-चरबीने ती फुगते. अशा ठिकाणी पीव्हीसी मेम्ब्रेन जास्त टिकते.

दुसरी चूक उताराची. आरपार स्क्रू मारलेल्या पत्र्याला साधारण 1:10 (10 फुटांना 1 फूट) उतार असला की निश्चिंत राहता येतं. उतार फारच कमी असेल तर स्टँडिंग सीम (कडा उभ्या दुमडून जोडलेले, आरपार स्क्रू नसलेले पत्रे) किंवा मेम्ब्रेनकडे वळा. सपाट स्लॅबलाही 1:50 च्या आसपास ढाळ द्यावाच लागतो. नुसतं 5 सेंमी पाणी तुंबलं तरी दर चौरस मीटरवर 50 किलोचा भार येतो.

पत्रा उन्हात वाढतो, हे तर हमखास विसरलं जातं. 30 मीटर लांबीचा स्टीलचा पत्रा 50 अंशांच्या फरकाने सुमारे 18 मिमी लांबतो, ॲल्युमिनियमचा त्याच्या जवळपास दुप्पट. दोन्ही टोकं जाम केली की स्क्रूची भोकं लांबट होतात आणि वॉशर असूनही पाणी आत शिरतं. लांब पत्र्याला सरकते क्लिप असलेली सिस्टिमच घ्या, इथे काटकसर नको.

आणि ‘गळतंय’ अशी तक्रार आली की लगेच सिलंटची ट्यूब काढू नका. पाऊस नसताना, पहाटेच्या गारव्यात पत्र्याच्या आतल्या बाजूने हात फिरवून बघा. सगळीकडे सारखे बारीक थेंब लागले तर ती गळती नाही, आतल्या दमट हवेतली वाफ थंड पत्र्यावर पाणी होऊन जमली आहे. त्यावर सिलंटचा काही उपयोग नाही. इन्सुलेशन, त्याच्या उबदार बाजूला व्हेपर बॅरियर (वाफ अडवणारा थर) आणि हवा खेळती, हाच इलाज. ओल एकाच रेषेत किंवा पाइपभोवती असेल तर मात्र गळतीच. पाणी पत्र्याच्या नळीतून वाहत खाली येतं, म्हणून भोक शोधायचं ते डागाच्या वर, चढाच्या बाजूला.

एसीच्या तांब्याच्या पाइपवरचं पाणी झिंक किंवा ॲल्युमिनियमच्या कोटिंगवर टपकू देऊ नका, तिथे पत्रा लवकर गंजतो.

वाऱ्याची ओढ कडांना आणि कोपऱ्यांत सर्वात जास्त असते, तिथे फिक्सिंग कमी-कमी अंतरावर हवं. सोलर पुढे-मागे बसवायचं असेल तर स्ट्रक्चरल इंजिनीअरला आजच सांगा. पॅनेलच्या आधी मेम्ब्रेनचं आयुष्य संपलं, तर सगळी पॅनेल उतरवून काम करावं लागेल.

मटेरियलची वॉरंटी आणि बसवण्याच्या कामाची वॉरंटी वेगवेगळी असते, दोन्ही लेखी घ्या. स्लॅबवर मेम्ब्रेन असेल तर इंजिनीअरला विचारून पाणी भरा, 48 तास ठेवा, खालून तपासा. फरशी त्यानंतर आणि शेवटचं बिलही त्यानंतरच.