सायकल अपघात: भरपाईचा दावा कसा मार्गी लागला

उभ्या गाडीचं दार अचानक उघडलं आणि मी हँडलवरून थेट रस्त्यावर. खांद्याचं हाड मोडलं. दवाखान्यातून घरी येतो न येतो तोच समोरच्याच्या विमा कंपनीचा फोन: थोडी रक्कम घ्या, सही करा, विषय मिटवू. बोलणं फार गोड! वकिलांनी तिथेच थांबवलं. ‘पूर्ण व अंतिम’ तडजोडीवर एकदा सही झाली की पुढे दुखणं वाढलं तरी सहसा काही मागता येत नाही.

मग कंपनीने पवित्रा बदलला. म्हणे मीच गाडीला खेटून चाललो होतो. इथे सायकल कामी आली. ती दुरुस्तीला न टाकता तशीच ठेवली होती: हँडल वाकलेलं, ब्रेकच्या लिव्हरवर दाराचा लाल रंग घासलेला. समोरच्या इमारतीचं सीसीटीव्ही फुटेज वकिलांनी लगेच पत्र देऊन राखून ठेवायला लावलं, नाहीतर त्यावर नवं रेकॉर्डिंग चढतं.

दवाखान्याच्या बिलांपेक्षा बुडालेला पगार आणि फिजिओथेरपीचा पुढचा खर्चच मोठा निघाला. त्यासाठी ऑफिसचं पत्र आणि डॉक्टरांचा लेखी अंदाज जोडला. थोडा दोष माझ्या माथी मारून त्यांनी रक्कम कापलीच. कोर्टात वर्षं घालवण्यापेक्षा तेवढं मी सोडून दिलं.