सागरी जीवांच्या नोंदी नकाशावर मांडण्याआधी कशा तपासाव्यात

ओबिस (सागरी जीव कुठे, कधी दिसले याच्या नोंदींचा जागतिक साठा) आणि जीबिफ (सगळ्याच सजीवांचा तसाच साठा), दोन्हीकडून नोंदी उतरवून घेतल्या असतील तर आधी दुबार नोंदी काढा. तोच माहितीसंच दोन्हीकडे असणं नेहमीचंच. जीवाश्म बाजूला करा. मग उपस्थित-अनुपस्थितचा रकाना बघा, कारण ‘शोधलं, दिसलं नाही’ अशा नोंदीलाही अक्षांश-रेखांश असतात आणि नकाशा तिथेही इमानेइतबारे ठिपका काढतो.

नावं वर्म्सच्या, म्हणजे सागरी जीवांच्या शास्त्रीय नावांच्या जागतिक सूचीच्या, यादीशी जुळवून घ्या. जुळलं म्हणजे बरोबर, असं मात्र धरू नका. हिंदी महासागरातल्या कुबड्या डॉल्फिनच्या जुन्या नोंदी ‘सूसा चायनेन्सिस’ या नावाखाली आहेत. २०१४ नंतर पश्चिमेकडचे डॉल्फिन ‘सूसा प्लंबिया’ म्हणून वेगळे मानले जातात. दोन्ही नावं वैध, त्यामुळे संगणक तक्रार करत नाही. अशा ठिकाणी जागा बघूनच जात ठरवावी लागते.

आता खरी डोकेदुखी: अक्षांश-रेखांश. ‘जमिनीवर पडलेले ठिपके उडवा, काम झालं’ हा सल्ला जिथेतिथे मिळतो आणि तो दोन्ही बाजूंनी चुकीचा आहे. किनाऱ्याला लागलेला मेलेला देवमासा, वाळूत अंडी घालणारी कासवी, बेटावर घरटं करणारे समुद्रपक्षी या सगळ्या खऱ्या नोंदी तुम्ही त्यात गमावता. किनाररेषेचा नकाशा जाडाभरडा असेल तर खाडीतलं सगळंच ‘जमीन’ ठरतं. उलट शून्य अक्षांश, शून्य रेखांश ही जागा गिनीच्या आखातात, भर समुद्रात आहे. रिकामा रकाना शून्य म्हणून भरला गेला की नोंद तिथे जाऊन बसते आणि जमिनीची चाळणी तिला सुखाने पुढे सोडते. चुकीची असूनही समुद्रातच पडणारी नोंद, तीच धोक्याची.

त्यातही सगळ्यात छुपा प्रकार अंश-कलांचा, आणि माझा सगळ्यात जास्त वेळ इथेच गेलाय. एका अंशात ६० कला (मिनिटं) असतात. जहाजाच्या वहीत अक्षांश १८ अंश ३० कला असा लिहिलेला असतो. टंकणारा १८.३० असं भरतो. हवं होतं १८.५०. फरक १२ कलांचा, म्हणजे १२ सागरी मैल, सुमारे २२ किलोमीटर. ५९ कला असतील तर चूक ४४ किलोमीटरच्या आसपास जाते. अक्षांशात अशी चूक झाली की ठिपका विषुववृत्ताकडे सरकतो, पण बहुधा समुद्रातच राहतो, म्हणून कुणाला खटकत नाही.

पकडायचं कसं? प्रत्येक मूळ संच वेगळा काढा. सगळी फाइल एकत्र तपासलीत तर काही दिसणार नाही. दशांश चिन्हानंतरचे पहिले दोन आकडे मोजा. खऱ्या दशांश अंशांत ६० ते ९९ हे आकडे साधारण ४० टक्के वेळा यायला हवेत. शेकडो नोंदींत एकदाही येत नसतील, तर त्या कलाच आहेत. नोंदी पाव-अर्ध्या अंशाच्या चौकटींत गोळा केलेल्या असतील तर ही युक्ती लावू नका.

मग खोली ताडून बघा. नोंदीतली खोली तिथल्या समुद्रतळापेक्षा जास्त असेल तर बहुतेक तपासण्या ओरडतात. उलटी चूक त्यांना दिसत नाही: तळाशी राहणारा जीव ४० मीटरवर नोंदलाय आणि तिथे तळ २,००० मीटरवर आहे. ही तुलना स्वतः करा.

संशय आला म्हणून आकडे परस्पर बदलू नका. मूळ रकाना जसाच्या तसा ठेवा, दुरुस्ती शेजारच्या रकान्यात आणि कारण त्याच्या पुढे. संच ज्यांचा, त्यांना कळवा; मूळ वही त्यांच्याकडे असते.

तारखा सोप्या. १ जानेवारीला अचानक गर्दी दिसली, तर बहुधा फक्त वर्षच माहीत होतं असं समजा. वितरणाच्या नकाशाला त्या नोंदी चालतील, ऋतुमानानुसार स्थलांतर काढायचं असेल तर वगळा.