बंदीचा कागद कसा वाचावा

भाऊ, बर्ड फ्लूची बातमी आली की भाव नंतर विचारा, आधी आपली अंडी-कोंबडी घेणाऱ्या शेजारी देशाचा आयातबंदीचा आदेश मागवा. बंदी अख्ख्या भारतावर आहे की बाधित भागावर? २००६ मध्ये देशातला पहिला एच५एन१, म्हणजे बर्ड फ्लूचा विषाणू, आमच्या नवापुरात सापडला आणि परदेशात पार तामिळनाडूतल्या नामक्कलच्या अंड्यांनाही दारं बंद झाली. जागतिक व्यापार संघटनेचा नियम रोगमुक्त भाग वेगळा धरायला सांगतो. गंमत बघा, अमेरिकी कोंबडीवर सरसकट बंदी घालून याच मुद्द्यावर २०१५ मध्ये आपणच हरलो!

मग कच्चं की शिजवलेलं, अंडी की पिल्लं, तेही तपासा. पशुवैद्यकीय दाखल्यावर फार्मचा तालुका-जिल्हा स्पष्ट हवा. शेजाऱ्यालाही त्याचे कोंबडीवाले सांभाळायचे असतात, म्हणून साथ ओसरली तरी बंदी रेंगाळते. उठल्याचा कागद हाती येईस्तोवर गाडी भरू नका. फोनवरच्या ‘चालतंय हो’वर तर मुळीच नाही.