दमा आणि ‘वाढलेले इओसिनोफिल’: या चुका टाळा

दम्याच्या पेशंटला घरोघरी मिळणारा पहिला सल्ला म्हणजे ‘प्रतिकारशक्ती वाढव’. ॲलर्जीच्या दम्यात ती कमी पडलेली नसते. उलट ती धुळीतल्या किड्यांवर, परागकणांवर, झुरळांच्या विष्ठेवर नको तितकी तुटून पडत असते. त्यामुळे काढे आणि ‘बूस्टर’ पावडरींवर पैसे घालवू नका.

श्वासनलिकेतल्या मास्ट पेशी (प्रतिकारशक्तीच्याच पेशी) ॲलर्जीचा कण भेटला की काही मिनिटांत हिस्टामिन हे रसायन सोडतात आणि नळ्या आवळतात. चार ते आठ तासांनी दुसरी लाट येते. तेव्हा इओसिनोफिल या प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी जमतात आणि आतलं अस्तर सुजतं. दुपारी माळा झाडला की रात्री धाप लागते ती यामुळेही, आणि खापर फुटतं जेवणातल्या दह्यावर!

सालब्युटामॉलचा निळा पंप आवळलेले स्नायू सैल करतो, सूज मात्र तशीच राहते. म्हणूनच ‘ग्लोबल इनिशिएटिव्ह फॉर अस्थमा’ या दम्याच्या उपचारांबद्दल जगभर मार्गदर्शन करणाऱ्या संस्थेने २०१९पासून मोठ्यांना आणि किशोरवयीनांना नुसत्या अशा पंपावर ठेवू नये असं सांगितलं. सूज उतरवतो तो स्टेरॉईडचा पंप. त्याचा डोस मायक्रोग्रॅममध्ये असतो, गोळ्यांचा मिलिग्रॅममध्ये. तेव्हा नावाला घाबरून किंवा बरं वाटलं म्हणून तो मनाने बंद करू नका. पफ घेतल्यावर चूळ भरा, नाहीतर तोंडात बुरशी होते.

सर्वांत जास्त गोंधळ सीबीसी म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीच्या रिपोर्टचा. लोक इओसिनोफिलची टक्केवारी बघतात. पण एका मायक्रोलिटर रक्तात एकूण पांढऱ्या पेशी ५,००० असताना ८ टक्के म्हणजे ४०० इओसिनोफिल, आणि १२,००० असताना ५ टक्के म्हणजे ६००. साधारण ५००च्या वरचा आकडा वाढलेला धरतात, म्हणजे कमी टक्केवारीचा रिपोर्टच इथे जास्त बोलतो. जंत आणि हत्तीरोगाच्या कृमींनीही हा आकडा चढतो, त्यामुळे तेवढ्यावरून दमा ठरत नाही. तो नॉर्मल आला म्हणून दमा नाही असंही नाही. काहींच्या श्वासनलिकेत न्यूट्रोफिल या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशींचा जोर असतो आणि त्यांना स्टेरॉईडचा गुण कमी येतो.

स्टेरॉईडच्या गोळ्या चालू असताना इओसिनोफिल झपाट्याने उतरतात. मेपोलिझुमॅबसारखं इओसिनोफिल कमी करणारं इंजेक्शन द्यायचं की नाही हे ठरवताना हाच आकडा पाहतात. म्हणून रक्त देण्याआधी कोणत्या गोळ्या चालू आहेत ते डॉक्टरांना सांगा.