लहान मुलांना चित्रकला शिकवताय? मग या चुका टाळा

सगळ्यात मोठी चूक आधीच सांगते, मुलाच्या कागदावर आपला हात चालवणं. मी शिकवायला लागले तेव्हा सर्रास करायचे हे. एका मुलीने पळणारा हत्ती काढला होता आणि त्याचे पाय मला काही बरोबर वाटेनात, म्हणून मी तिच्या हातातून पेन्सिल घेतली आणि पटकन दोन रेषा मारून पाय नीट करून दिले. तिने कागद माझ्याकडे सरकवला आणि म्हणाली, "आता हे तुमचं झालं." आणि खरंच तिने पुढे त्याला हातच लावला नाही. वर्षं झाली पण मला ते अजून लागतं.

तेव्हापासून काही दाखवायचंच असेल तर मी माझ्या वेगळ्या कागदावर दाखवते आणि तो कागद लगेच बाजूला ठेवते, नाहीतर मुलं त्याचीच कॉपी करत बसतात. त्यापेक्षाही प्रश्न विचारलेला चांगला. हत्ती पळतो तेव्हा त्याचे पाय कुठे असतात, तू पळून दाखव बघू! मूल उठतं, पळतं, परत येऊन स्वतःच रेष बदलतं.

आता यात एवढं काय आहे असं काही जणांना वाटेल, पण चित्रकला प्राथमिक वयात शिकवायची कशाला याचं उत्तर मला तरी इथेच सापडतं. गणितात उत्तर आधीच ठरलेलं असतं, शुद्धलेखनात शब्द ठरलेला असतो, पण कोऱ्या कागदावर घर कुठे काढायचं, आई मोठी काढायची की मी, झाड जांभळं का नको, रेष चुकून वाकडी गेली तर आता तिचं काय करायचं, हे सगळं त्या सहा-सात वर्षांच्या मुलालाच ठरवावं लागतं आणि ते ठरवतंही. आपण पेन्सिल हातात घेतली की ठरवायचं कामच आपण काढून घेतो, मग उरतं ते फक्त रंग भरणं.

दुसरी चूक म्हणजे वयाप्रमाणे जे बरोबर आहे त्याला चूक म्हणणं. डोक्यातूनच पाय फुटलेला माणूस, बसच्या पत्र्यातून आरपार दिसणारी माणसं, जमिनीखालचे बटाटे वरून दिसतायत, टेबलाचे चारही पाय चार दिशांना. फ्रेंच अभ्यासक लुके यांनी 1927 मध्येच मांडलं होतं की या वयातलं मूल डोळ्याला दिसतं ते नाही, त्याला माहिती असतं ते काढतं. टेबलाला चार पाय असतात हे त्याला माहितीये ना, मग चार काढणारच! आकाशाची वर एक निळी पट्टी, खाली जमिनीची एक रेष आणि मधे सगळं पांढरं, हेही तसंच. "आकाश खालपर्यंत रंगव" असं आपण सांगतो, पण मुलाच्या हिशोबात आकाश वर असतं, जमीन खाली असते आणि मधे हवा असते. कलाशिक्षणाचे अभ्यासक व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी मुलांच्या चित्रांचे जे टप्पे सांगितलेत त्यात ही जमिनीची रेष साधारण 7 ते 9 वर्षांच्या टप्प्यात येते. लोवेनफेल्ड यांचा रंगवायच्या तयार पुस्तकांनाही ठाम विरोध होता, आणि फळ्यावरचं एकच चित्र उतरवून घेतलेल्या वर्गाचे सगळे कागद एकसारखे आलेले बघितले की मला तो विरोध पटतो.

बक्षिसांचं जरा जपून. 1973 मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी चित्रं काढायची मुळातच आवड असलेल्या 3 ते 5 वर्षांच्या मुलांवर प्रयोग केला, त्यात ज्यांना "चित्र काढलंस तर सर्टिफिकेट मिळेल" असं आधी सांगितलं होतं ती मुलं नंतर मोकळ्या वेळात इतरांच्या जवळजवळ निम्माच वेळ चित्रं काढताना दिसली. ज्यांना न सांगता अचानक सर्टिफिकेट मिळालं त्यांच्यात मात्र असं झालं नाही. म्हणून दर तासाला नंबर, स्टार देऊ नका प्लीज. नुसतं "छान" सुद्धा मुलाला काहीच सांगत नाही, त्याऐवजी जे दिसतंय ते बोला, "इथे निळा खूप दाबून लावलायस, इथे मात्र अगदी हलका", मग मूल स्वतःहून सांगायला लागतं की का.

रंगांचा चिखल होतोय? एकदम बारा रंग देऊ नका. लाल, पिवळा, निळा तिन्ही एकमेकांत गेले की तपकिरी होणारच, त्यात ब्रश धुवायचं पाणी एकच. एक दिवस फक्त पिवळा आणि निळा द्या, पिवळ्यात निळा थेंब थेंब घालायला सांगा आणि किती वेगवेगळे हिरवे होतात ते मुलांनाच शोधू द्या. पाण्याची भांडी दोन ठेवा, एक धुवायला, एक स्वच्छ. कागद फाटत असेल तर तो पातळ आहे किंवा पाणी जास्त झालंय, जाड कागद घ्या. सुरुवातीला वॉटर कलरपेक्षा पोस्टर कलर आणि जाड ब्रश बरा. तुटलेले क्रेयॉन फेकू नका, छोटा तुकडा चिमटीतच धरावा लागतो, त्यातून बोटांच्या पकडीचा सराव होतो. आणि खोडरबर काही दिवस लपवून ठेवा.

आता उलटी चूक, जी मोकळेपणाबद्दल वाचलेले पालक आणि टीचर करतात: काहीच न शिकवणं. नऊ-दहाव्या वर्षी मूल खऱ्या वस्तूशी आपलं चित्र ताडून बघायला लागतं आणि मग "मला येत नाही" म्हणून वही मिटून टाकतं, कित्येक जणांची चित्रकला तिथेच कायमची थांबते. अशा वेळी "नाही रे, छानच आहे" म्हणून भागत नाही, त्याला मदत हवी असते. पुढची वस्तू मागचीला झाकते ते दाखवा, सावली कुठल्या बाजूला पडते ते बघायला लावा, एखादा बूट समोर ठेवून दहा मिनिटं नुसतं निरखायला सांगा. व्हिएन्नात 1897 मध्ये मुलांचा चित्रवर्ग सुरू करणारे फ्रान्झ चिझेक मुलांच्या स्वातंत्र्यासाठी ओळखले जातात, पण त्यांच्या वर्गात कागद कापून चित्रं करणं, लिनोकट (लिनोलियमच्या तुकड्यावर कोरून त्याचा छाप घेणं) अशी तंत्रंही होती.

दोन मिनिटांत "झालं" म्हणणाऱ्या मुलाला "अजून कर" म्हणू नका, "या घरात कोण राहतं?" एवढंच विचारा, बहुतेक वेळा पेन्सिल परत हातात येते. आणि चित्रावर तुमची सही, शेरा, मार्क काही नको, तारीख आणि मुलाने सांगितलेली गोष्ट मागच्या बाजूला लिहा आणि सहा महिन्यांनी सगळी चित्रं त्याच्यासोबत जमिनीवर पसरून बसा, काय बदललं ते त्यालाच सांगू द्या.